तीन तोळ्यांत एक गुंज

(काठावरचा निकाल टपरीवर समजावून सांगू इच्छिणाऱ्या नवशिक्यांसाठी)

निकालाच्या दुसऱ्या दिवशी टपरीवर तुमचं कोणी ऐकून घेत नसेल, तर ही मार्गदर्शिका तुमच्यासाठी आहे. धुळे, अमळनेर, भुसावळ, पाचोरा, गाव कुठलंही घ्या, प्रत्येक टपरीवर एक माणूस असा असतो, की तो बोलायला लागला की बाकीचे कपातला चहा बशीत ओतून गप्प बसतात. कोण पडलं, कितीनं पडलं, कोणामुळे पडलं, सगळं त्याला तोंडपाठ. तो स्वतः ग्रामपंचायतीलाही कधी उभा राहिलेला नसतो, हे इथं सांगायला हरकत नाही. तो माणूस व्हायचं तर पदवी लागत नाही, वजाबाकी लागते.

साहित्य

एक दोनशे पानी वही, एक बॉलपेन, रेघा मारायला पट्टी, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर. शेवभाजी ऐच्छिक, चर्चा रात्री नऊच्या पुढे जाणार असेल तर सक्तीची. शिवाय एक गुरू. माझे गुरू म्हणजे माझे मामा. त्यांची सगळी नोकरी जळगावच्या सराफ बाजारात दिवाणजी म्हणून गेली आणि आता ते धुळ्याला देवपुरात असतात. आकडा दिसला की तो तोलून बघायची त्यांची खोड निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पुढचं बरंचसं त्यांचंच आहे. चुका असतील त्या माझ्या.

धडा पहिला : काटा

सरावासाठी धुळे लोकसभेचा २०२४ चा निकाल घ्या. नवशिक्याच्या हाताला इतकं सोपं उदाहरण पुन्हा लवकर लागायचं नाही. काँग्रेसच्या डॉ. शोभा बच्छाव यांना ५,८३,८६६ मतं. भाजपचे डॉ. सुभाष भामरे, दोन वेळचे खासदार आणि माजी संरक्षण राज्यमंत्री, यांना ५,८०,०३५. करा वजाबाकी. ३,८३१.

मामांनी हा आकडा वहीत लिहिला आणि त्याचं तोळ्यात रूपांतर करून टाकलं. बारा मासे म्हणजे तोळा, आठ गुंजा म्हणजे मासा. म्हणजे तोळ्याला शहाण्णव गुंजा. दोघांची मतं मिळून होतात ११,६३,९०१. एवढं सोनं तीन तोळे धरलं, तर फरक भरतो जेमतेम एक गुंज. “एवढं तर कसोटीवर घासतानाच जातं,” मामा म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

आता काट्याचा नियम शिका, कारण टपरीवरचे निम्मे लोक इथंच चुकतात. भामरे ३,८३१ नी मागे पडले, म्हणजे तेवढी माणसं त्यांच्या बाजूला वळवावी लागली असती, असं ते समजतात. तसं नाही. या पारड्यातली गुंज उचलून त्या पारड्यात टाकली, की इथलं वजन एकानं घटतं आणि तिथलं एकानं वाढतं. फरक दोनाचा पडतो. म्हणून ३,८३१ चे निम्मे करा : १,९१६ माणसांनी दुसरं बटण दाबलं असतं तर दिल्लीच्या गाडीत दुसरा माणूस बसला असता. धुळे मतदारसंघात मतदान केंद्रं जवळपास दोन हजार. म्हणजे केंद्रामागे धड एक माणूससुद्धा लागत नव्हता.

पण जो वळला नाही, नुसता रुसून घरी बसला, त्याचा हिशेब निराळा. तो एका पारड्यातून उतरला, दुसऱ्यात चढला नाही. फुटलेला मतदार दोन मतांचा, रुसलेला एका मताचा. हे वाक्य पाठ करा आणि पहिल्याच दिवशी वापरा. बशा आपोआप खाली ठेवल्या जातील.

धडा दुसरा : वारसदार

काठावरचा फरक म्हणजे म्हाताऱ्यानं मृत्युपत्र न करता मागे ठेवलेली जमीन. दहा जण सातबारा घेऊन येतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येकाचा सातबारा खरा असतो.

धुळ्याच्या ३,८३१ वर कोणाकोणाचा दावा आहे, ते निकालानंतरच्या आठवड्यात मी मामांसोबत हिंडून ऐकलं. पहिला दावा कांद्याचा. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि ती उठवली मे २०२४ च्या सुरुवातीला, मतदानाला सोळा दिवस राहिले असताना. सटाणा-बागलाण आणि मालेगावचा ग्रामीण भाग हा कांद्याचा मुलूख, आणि दोन्ही धुळे लोकसभेत. तिथला शेतकरी छातीवर हात ठेवून सांगतो, की भामऱ्यांना कांद्यानं रडवलं. दुसरा दावा ऊन आणि लग्नसराईचा : मतदान २० मे ला, त्या उन्हात सिंदखेड्याकडचे भाजपचे हक्काचे लोक बाहेरच पडले नाहीत. तिसरा दावा ऐकायला जरा चमत्कारिक, पण तोही आहे. बच्छाव नाशिकच्या, तिथल्या माजी महापौर. बाहेरचा उमेदवार दिला म्हणून काँग्रेसमध्येच कुरकुर झाली होती. तरी निवडून आल्या, म्हणून त्या कुरकुरीतून ज्यांनी शेवटी काम केलं, ते म्हणतात की आम्ही मनात आणलं नसतं तर संपलं होतं.

चौथा दावा एका न झालेल्या उमेदवारीचा. वंचित बहुजन आघाडीनं माजी पोलीस अधिकारी अब्दुर रहमान यांना उभं केलं होतं. छाननीत त्यांचा अर्ज बाद झाला. ते रिंगणात राहिले असते आणि काँग्रेसच्या पारड्यातली शंभरात एक गुंजही त्यांच्याकडे गेली असती, म्हणजे ५,८३८ मतं, तरी निकाल उलटला असता. एका सहीच्या कागदावर खासदारकी गेली-आली, असं म्हणणारा माणूस त्यामुळे चुकीचा ठरवता येत नाही.

आणि पाचवा दावा सुरतेचा. उधना-लिंबायतमध्ये खान्देशी माणूस इतका, की तिथं अहिराणी बोललात तर कोणी मागे वळूनही बघत नाही. त्यातल्या कितीजणांची नावं अजून गावच्या यादीत आहेत आणि त्यातले किती मतदानाला गावी आले, यावर एक अख्खी संध्याकाळ जाते. सुरतकरांची थट्टा करायची असेल तर करा, पण जरा सांभाळून. सुरत लोकसभेत २०२४ ला मतदानच झालं नाही : काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी माघार घेतली, भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध. शेजारच्या नवसारीत मतदान झालं आणि सी. आर. पाटील, म्हणजे मूळ जळगाव जिल्ह्यातलेच, ७ लाख ७३ हजारांवर मतांनी आले. इकडे गुंजेसाठी भांडण, तिकडे सोनं मणावारी.

नवशिक्यानं आता काय करायचं? कोणाचाही दावा खोडायचा नाही. खोडता येतही नाही. एखाद्या कारणानं ३,८३१ हून जास्त मतांचा फरक पडला असेल, तर त्या कारणानं निकाल ठरवला हे खरंच. अडचण एवढीच, की शेजारच्या बाकावर बसलेल्याचं कारणही तितकंच खरं. दोन लाखांनी पडलेल्या उमेदवाराला एकच मोठं कारण शोधावं लागतं. साडेतीन-पावणेचार हजारांनी पडलेल्याला दहा लहान कारणं सापडतात आणि त्यातलं प्रत्येक एकट्यानं त्याला पाडायला पुरेसं असतं. म्हणून तो रात्री झोपू शकत नाही.

धडा तिसरा : पाच रकाने आणि सहावा

४ जूनला सकाळी मामांनी वहीचं जोडपान उघडलं आणि पट्टीनं सहा रकाने आखले. धुळे ग्रामीण, धुळे शहर, सिंदखेडा, मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य, बागलाण. पंख्यानं पान उडत होतं म्हणून पंखा बंद. खोलीत आम्ही चौघं, बाहेर जूनचं ऊन, आणि टीव्हीवर मिनिटामिनिटाला पुढे-मागे होणारी पट्टी. मी दर वेळी ओरडायचो, “भामरे पुढे!” किंवा “बच्छाव पुढे!” मामा मान वर न करता म्हणाले, “भाचा, लीड देखू नको, रकाना देख.”

टीव्हीवरची आघाडी ही सहा विधानसभांची एकत्र केलेली खिचडी असते. सहाही ठिकाणची मोजणी एकाच वेळी चालते, प्रत्येकीची टेबलं वेगळी, फेऱ्या वेगळ्या. एका ठिकाणची आठवी फेरी आणि दुसऱ्या ठिकाणची पाचवी एकाच बेरजेत येतात. कुठल्या रकान्यात किती फेऱ्या शिल्लक आहेत ते माहीत नसेल तर आघाडीचा आकडा म्हणजे अर्ध्या रस्त्यात वाचलेला मैलाचा दगड, गाव कुठलं ते न कळता.

रात्री रकाने भरले तेव्हा चौथ्याकडे बघून खोलीत कोणी बोललं नाही. मालेगाव मध्य : बच्छाव १,९८,८६९, भामरे ४,५४२. आघाडी १,९४,३२७. उरलेल्या पाच ठिकाणी आणि टपालात मिळून भामरे १,९०,४९६ नी पुढे. वजा करा, पुन्हा तेच ३,८३१.

दुसऱ्या दिवशी टपरीवर वाक्य तयारच होतं : “बठ्ठं मालेगावनी करं,” म्हणजे सगळं मालेगावनं केलं. पुढे विधानसभेच्या वेळी देवेंद्र फडणवीस यांनी याच आकड्यांचा दाखला देत ‘व्होट जिहाद’ हा शब्द वापरला, विरोधकांनी त्यावर टीका केली, आणि धुळ्याची वजाबाकी राज्यभर पोचली. नवशिक्यानं या वादात पडण्याआधी वहीकडे बघावं. ‘पाच ठिकाणी पुढे होते, सहाव्यानं घालवलं’ या वाक्यात सहावं ठिकाण शेवटी येऊन हातातला घास हिसकावून गेलं, असा भास आहे. तसं काही घडलं नाही. सहाही एकाच वेळी मोजली गेली. कोणी असंही म्हणू शकतो, की ‘बच्छाव मालेगावात पुढे होत्या, उरलेल्या पाचांनी जवळजवळ घालवलं होतं.’ बेरजेला क्रम नसतो. मोडीत आलेला दागिना काट्यावर टाकला, तर शेवटी टाकलेल्या तुकड्यानंच वजन वाढवलं असं कोणी सराफ म्हणत नाही.

पण त्या चौथ्या रकान्यात एक आकडा आहे, ज्याच्याकडे टपरीवर कोणीच बघत नाही. ४,५४२. भामऱ्यांना मालेगाव मध्यमध्ये मिळालेली मतं. ती फरकापेक्षा जास्त आहेत! तिथं त्यांना नव्यानं आणखी तेवढीच मिळाली असती, म्हणजे ९,०८४, तरी दोघांच्या मतांत ती शंभरात साडेचारही भरली नसती, आणि भामरे खासदार असते. जो रकाना ‘आपला नाहीच’ म्हणून प्रचाराच्या नकाशावरून पुसतात, त्याच रकान्यात खासदारकी पडलेली होती. मामांनी त्या आकड्याभोवती पेनानं गोल काढला. बाकी कशाभोवती काढला नाही.

धडा चौथा : गुंज हलली की पारडं?

इथं नवशिक्याची परीक्षा आहे. ३,८३१ हा आकडा लहान, म्हणून ‘थोडी मतं हलली आणि निकाल फिरला’ असं म्हणायचा मोह होतो. वहीचं मागचं पान उलटा. २०१९ मध्ये याच मतदारसंघात भामऱ्यांना ६,१३,५३३ आणि काँग्रेसचे कुणाल पाटील यांना ३,८४,२९० मतं. फरक २,२९,२४३. तिथून वजा ३,८३१ पर्यंतचा प्रवास म्हणजे काटा २,३३,०७४ नी फिरला. गुंज दिसते ती काटा जिथं थांबला तिथं. तो आला खूप लांबून.

आणि फिरला कसा, तेही बघा. भामऱ्यांची मतं पाच वर्षांत घटली फक्त ३३,४९८. काँग्रेसची वाढली १,९९,५७६. म्हणजे त्यांच्या पारड्यातून फार कमी सोनं गेलं. समोरच्या पारड्यात मात्र ओतलं गेलं. २०१९ ला वंचितचा उमेदवार रिंगणात होता, २०२४ ला नव्हता. महाविकास आघाडी एकत्र होती. आणि जे आधी घरी बसत होते त्यातले बरेच बाहेर पडले. मागच्या वेळी जिंकलेला उमेदवार आपली मतं सांभाळून बसला आणि तरी पडला. मला विचाराल तर धुळ्याच्या निकालातली शिकण्यासारखी गोष्ट ही आहे, ते ३,८३१ नव्हेत. पण हे टपरीवर सांगू नका, चहा गार होतो.

तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या उमेदवारांचं महत्त्व बघायचं तर आणखी मागे जा. २००९ ला धुळ्यात भाजपचे प्रताप सोनवणे यांनी काँग्रेसच्या अमरीशभाई पटेलांना १९,४१९ मतांनी हरवलं. त्याच निवडणुकीत मालेगावचे जुने समाजवादी निहाल अहमद यांनी सुमारे ७२ हजार आणि धुळ्याचे अनिल गोटे यांनी सुमारे ५३ हजार मतं घेतली. ती कोणाच्या पारड्यातली होती यावर धुळ्यात आजही एकमत नाही, आणि होऊ नये. विषय संपला तर टपऱ्या ओस पडतील.

धडा पाचवा : जळगावात ही मार्गदर्शिका चालत नाही

मामांचं जळगाव म्हणजे या विद्येचं वाळवंट. २०२४ ला तिथं भाजपच्या स्मिता वाघ २,५१,५९४ मतांनी आल्या. त्याआधी, २०१९ ला, उन्मेष पाटील ४,११,६१७ नी आले होते. २०२४ ला तिकीट गेलं तेव्हा त्यांनी पक्ष सोडून उद्धव ठाकऱ्यांची शिवसेना गाठली. तरी निकालाला खरचटलं नाही. शेजारच्या रावेरला रक्षा खडसे २,७२,१८३ नी. असल्या मतदारसंघात काटा फिरवायला सव्वा लाखावर माणसं वळवावी लागतात. तिथं टपरीवर निकालाची चर्चा होत नाही, तिकिटाची होते.

जिंकायला लागतं एक मत जास्त. उरलेली अडीच लाख कुठं जातात? कुठंच नाही. जळगाव आणि रावेरमध्ये मिळून भाजपची पाच लाखांहून जास्त मतं अशी जादा पडली आणि धुळ्यात ३,८३१ कमी पडली. ती एसटीत भरून पारोळ्यामार्गे धुळ्याला नेता येत नाहीत. मतदारसंघाची शीव ही बांधासारखी असते : इकडचं पाणी वाहून जाईल, पण तिकडच्या शेतात सोडता येणार नाही.

आणि हा बांध कुठून जातो तेही गमतीचं आहे. २००८ च्या पुनर्रचनेत एरंडोल आणि मालेगाव हे लोकसभा मतदारसंघ गेले. धुळे आधी अनुसूचित जमातींसाठी राखीव होता, तो खुला झाला आणि त्याला नाशिक जिल्ह्यातले मालेगावचे दोन आणि बागलाण जोडले. शिरपूर आणि साक्री धुळे जिल्ह्यात, पण खासदार नंदुरबारचा निवडतात. बुलढाण्यातलं मलकापूर रावेरमध्ये. नवशिक्यानं टपरीवर ‘धुळे जिल्ह्यानं कौल दिला’ असं म्हटलं, की समोरचा शिरपूरचा माणूस हसतो. त्याला हसू द्या, तो बरोबर आहे.

जळगावकरांनी मात्र अगदीच खट्टू होऊ नये. १७ एप्रिल १९९९ ला वाजपेयींचं सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. त्या लोकसभेत जळगावचे खासदार होते काँग्रेसचे डॉ. उल्हास पाटील, भाजपच्या बालेकिल्ल्यात १९९८ ला निवडून आलेले. त्या एका मतावर काँग्रेसचे खासदार गिरधर गमांग यांच्यापासून अनेकांचा हक्क सांगितला जातो. मग जळगावचाही सांगायला काय हरकत? दुसऱ्या धड्यातला सातबारा आठवा.

जोडधडा : नावाचा माणूस, चिन्हाचा माणूस

ही युक्ती कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येते. २०१४ ला रायगडमध्ये अनंत गीते यांनी राष्ट्रवादीचे सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. यादीत आणखी एक सुनील तटकरे होते, अपक्ष. त्यांना ९,८४९ मतं पडली. २०२४ ला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह ‘तुतारी फुंकणारा माणूस’ आणि अपक्षांना वाटलेलं एक चिन्ह नुसती ‘तुतारी’. साताऱ्यात उदयनराजे ३२,७७१ नी जिंकले आणि नुसत्या तुतारीनं ३७,०६२ मतं खाल्ली. आपल्या शेजारच्या दिंडोरीत तर भास्कर भगरे यांच्यासमोर तुतारीवाले दुसरे भगरे उभे राहिले आणि लाखाच्या वर मतं घेऊन गेले. मूळ भगरे एक लाख तेरा हजारांवर मतांनी आले म्हणून निभावलं. गर्दीत चिन्ह शोधणाऱ्या म्हाताऱ्या बोटाची चूक, पण तीही काट्यावर तोललीच जाते.

अगदी बरोबरी झाली तर

चिठ्ठी काढतात. कायद्यात तशी तरतूद आहे : ज्याची चिठ्ठी निघेल त्याला एक मत जास्त मिळालं असं धरायचं. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर दोघांनाही ५,९४६ मतं होती. चिठ्ठी शहांची निघाली. २०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर यंत्रांतली मतं मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तीकर एका मतानं पुढे होते. टपाली मतं मिळवल्यावर रवींद्र वायकर ४८ नी जिंकले. ४,५२,६४४ आणि ४,५२,५९६. हा तर तोळ्यात मोजायचाही फरक नाही. फेरमोजणी मागायची असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आधी लेखी मागावी लागते, हे तुमच्या उमेदवाराच्या प्रतिनिधीला आजच सांगून ठेवा. त्या क्षणी त्याला पाणीही सुचत नाही.

मोठ्या टपरीसाठी

तालुक्याच्या टपरीवर नाव झालं, की एसटी स्टँडसमोरच्या मोठ्या हॉटेलात बोलावणं येतं. तिथं राज्याचा आकडा लागतो. तो असा : २०२४ च्या लोकसभेला महाराष्ट्रात महाविकास आघाडीला सुमारे ४३.९ टक्के मतं आणि महायुतीला ४३.६. फरक तीन दशांश टक्के. जागा मात्र ३० आणि १७, सांगलीचा एक अपक्ष. मतांत गुंज, जागांत जवळजवळ दुप्पट. कारण एकच : कोणाची मतं जळगावसारखी ढिगानं साचली आणि कोणाची धुळ्यासारखी नेमकी पुरली. त्यानंतर साडेपाच महिन्यांत विधानसभेला महायुतीच्या तीन पक्षांनी २८८ पैकी २३० जागा घेतल्या. मोठ्या हॉटेलात हे सांगताना आवाज खाली ठेवा. शेजारच्या टेबलावर दोन्हीकडचे बसलेले असतात.

गृहपाठ

मामांच्या वहीत जून २०२४ च्या जोडपानानंतर एक पान कोरं सोडलेलं आहे आणि पुढच्या पानावर २३ नोव्हेंबर २०२४ ची तारीख. रकाना एकच आखलाय, मालेगाव मध्य. जूनमध्ये ज्या रकान्यात १,९४,३२७ ची आघाडी होती, जिथं सगळे एकगठ्ठा पडले म्हणून राज्यभर बोललं गेलं, तोच. विधानसभेला तिथं एमआयएमचे मुफ्ती इस्माईल यांना १,०९,६५३ मतं आणि आसिफ शेख रशीद यांना १,०९,४९१.

फरक १६२. त्या निवडणुकीतला राज्यातला सगळ्यात लहान.